तुळशीरामने सोडलेला बांध

एका माणसाने मला एकच गोष्ट सांगितली होती आणि जन्मभर पोरांना ‘नीट ऐका’ म्हणणारी मी मास्तरीण, तीच ऐकली नाही. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तुळशीराम जासईजवळच्या मिठागरात कामाला होता. दिवसभर हातात फावडं, पायांना मिठाच्या भेगा आणि बोलणं मोजकं. ब्याण्णवच्या एप्रिलात त्याच्या बांधावर टिटवीने चार अंडी घातली. त्याने तेवढा बांध दुरुस्त करायचाच सोडून दिला. मुकादम तोंडाला येईल ते बोलला, याने ऐकून घेतलं. येता-जाता मात्र तो घरट्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मान वळवून त्याच चालीने पुढे. तिथले सगळेच तसे जायचे.

“चालनाऱ्याला ती भीत नाय,” तो म्हणाला. “थांबला का उठते. बाई, तुमी पन चालत रावा.”

मी पनवेलहून नवा कॅमेरा घेऊन गेले होते. चालता चालता कुणी फोटो काढतं का? तुळशीराम जेवायला झोपडीत गेला, तशी मी घरट्यापासून दहा पावलांवर छत्री उघडून ठाण मांडलं. छत्री माझ्या डोक्यावर आहे, अंड्यांवर नाही, हे काही या शहाणीला सुचलं नाही. टिटवी घिरट्या घालत जीव तोडून ओरडत होती. मी खूश. पंख पसरलेले, चोच उघडी. अख्खा रोल संपवला. त्यात दीड तास गेला.

तुळशीराम परतला आणि पहिल्यांदाच घरट्यापाशी थांबला. वाकून अंड्याला बोट लावलं. “बघा,” म्हणाला. मीही लावलं आणि चटका बसला.

“ती पोट भिजवून येते, अंडी गार करते. तुमी येऊ दिली नाय.”

एवढंच बोलला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही लांब गेलो तशी ती आली आणि ओलं पोट टेकून बसली.

महिना उलटल्यावर मी पुन्हा गेले. टिटवी तिथेच बसलेली. बांध तसाच खचलेला. तुळशीराम मान वळवून चालला होता, मी त्याच्या मागोमाग, न थांबता.

“पिल्लं?”

“नाय.”

“मग ही अजून किती दिवस बसणार?”

बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला, “तिला कोन सांगनार, बाई? तुमी सांगाल?”