कात्रीबाईंची लेव्हल वाढते

कपडे दुरुस्त करायच्या दुकानात तिला सगळे कात्रीबाई म्हणत, आणि ते काही हातातल्या कात्रीमुळे नव्हे. जीभच तशी होती. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगायची, "पँट आटलेली नाही, साहेब." आठवडाभर लोकांच्या शिवणी उसवून झाल्या की रविवारी दुपारी मात्र ती घरच्या खेळात चोर व्हायची. जेवणाच्या टेबलावर मुलगी गोष्ट रचायची, मावशी जादूगारीण व्हायची, आई चोर, आणि कोण तरलं, कोण बुडालं ते फासे ठरवायचे.

लेव्हल वाढवायचा नियम या घरचा स्वतःचा होता, आणि तो आईनेच हसत हसत काढला होता. राक्षस मारून, खजिने लुटून गुण भरले, की वरच्या लेव्हलला जाताना पात्राने आधीचं काहीतरी विसरायचं. नवं शिकायचं तर डोक्यात जागा नको का!

मग डॉक्टरांनी आईच्या विसरण्याला नाव दिलं आणि मुलीची पाचावर धारण बसली. आईसमोर विषय काढायचा नाही, असं तिने मावशीशी ठरवलं. पण चोराची लेव्हल वाढायला थोडेच गुण उरले होते. झालं, तेव्हापासून मुलीच्या गोष्टीतल्या गुहेत उंदरांशिवाय काही दिसेना. उंदराचे गुण ते किती? खजिने रिकामे, राक्षस आजारी. विसरायची पाळी आली तर आईला सगळं कळेल आणि ती तिथेच कोसळेल, ही मुलीची धास्ती. नियम बदलावा, तर का बदलला ते सांगावं लागणार.

शेवटी आईच खवळली. "परत उंदीर? मी चोर आहे का मांजर?" तिने फासे बाजूला सारले. "दे माझे गुण. किती दिवस अडवून धरणार आहेस?"

"अगं आई, तो नियम आता जुना झालाय. आपण..."

"मला काय झालंय ते ठाऊक आहे मला. डॉक्टर तुझ्याशी बोलत होते तेव्हा मी शेजारीच बसले होते ना! तुम्हाला वाटलं, तेही मी विसरले."

मावशी खिडकीबाहेर बघू लागली. मुलीने गुण दिले, आणि मग नियमाप्रमाणे विचारावंच लागलं, "काय विसरणार?"

आईने चोराचा कागद पुढे ओढला. चोराला जे जे येतं ते त्यावर लिहिलेलं होतं: कुलपं उघडणं, दोरावर चढणं, पक्ष्यांची बोली, घरी परतायची वाट. पेन्सिल एकेका ओळीवर थांबत खाली आली. मुलगी मनातल्या मनात नको नको म्हणत होती. पेन्सिल शेवटच्या ओळीवर टेकली.

"आई, ती नको ना."

"बाकीचं सगळं मला न विचारता जातंय," आई म्हणाली. "ही एक तरी मी माझ्या हाताने देते."

तिने ओळ खोडली. मग मुलीचं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

"आता मला सोडून कुठे जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला फार भीती वाटते गं."