श्रीपतीमास्तरांची एकतीस पुस्तकं

श्रीपतीमास्तर टेंभुर्णीचे. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. पुढे मुंबईच्या अंधशाळेत शिकून ते आमच्या जालन्याला आले आणि एका खोलीच्या अंधशाळेत शिकवू लागले. मुलांना द्यायला ब्रेलमधली मराठी पुस्तकं मिळत नव्हती, म्हणून १९४१ पासून दर गुरुवारी दुपारी शाळेत जाऊन मी साधी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि मास्तर ब्रेलच्या खाचांच्या पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने ठिपके पाडायचे. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचतात. कागद उलटला की ते बोटाला सुलटे लागतात. एका पानाला अर्धा तास लागे. अकरा वर्षांत एकतीस पुस्तकं झाली. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट माझ्या रोजनिशीत तारखेनिशी आहे.

१९५२ च्या जूनमध्ये शाळेचे चिटणीस गिरिधरराव वकील एक तक्ता घेऊन आले. देशातल्या सगळ्या भाषांसाठी एकच ब्रेल ठरली होती. यापुढे सरकारी छापखान्यातून येणारी पुस्तकं त्या नव्या लिपीत असणार होती.

लिपी सगळीच बदलली असती तर एक वेळ चाललं असतं. काही अक्षरांचे ठिपके तसेच राहिले, काहींचे बदलले, आणि काही जुने ठिपके चक्क दुसऱ्याच अक्षराला देऊन टाकले. जुनं पुस्तक नव्या मुलाच्या हाती दिलं की तो दोन शब्द धड वाचे आणि तिसऱ्याला आपटे.

"मी दोन्ही शिकवतो की," मास्तर म्हणाले. तीन महिने शिकवलंही. मुलं एकाच ओळीत दोन्ही लिप्या कालवू लागली.

गिरिधरराव म्हणाले, "मास्तर, ह्या पोरांना छापील पुस्तकं वाचायचीत. तुमच्या कपाटापायी त्यांना दोन्हीकडून आंधळं करू नका."

बोलणं कडू होतं. पण त्यांचं खरं होतं, आणि मला तेच जास्त झोंबलं.

समितीने ठरवलं: मोठ्या मुलांनी शाळा सोडेपर्यंत जुनी लिपी वापरावी, नव्यांना फक्त नवी शिकवावी, आणि शाळेतलं एकुलतं कपाट पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत छापील पुस्तकांसाठी रिकामं करावं. जुनी पुस्तकं रद्दीत. मास्तरांनी एकच मागितलं: तोवर जेवढी नव्या लिपीत उतरवीन तेवढी कपाटात राहतील. गिरिधररावांनी मान्य केलं.

मास्तर रोज शाळा सुटल्यावर बसत. जुन्या पुस्तकातली ओळ डाव्या बोटांनी वाचायची, मग नव्या लिपीत टोचायची. माझी त्यात गरज उरली नव्हती. तरी गुरुवारी जाऊन बसायची. "बाई, तुमच्या वाचण्यापेक्षा जल्दी होऊन राह्यलंय," असं मला चिडवायचे. वर्षभरात पाच पुस्तकं उतरली. प्रत्येक पान ते स्वतः पुन्हा वाचून तपासत.

१९५३ च्या भाद्रपदात राजूरची झुंबरबाई शाळेत शिकत होती. तिशीची, तापात डोळे गेलेली, जिभेने तिखट. तिला नवी लिपी तेवढी येत होती. मास्तरांनी मोठ्या हौसेने पहिलं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. मी समोरच होते. तिने चार ओळी वाचल्या आणि थांबली.

"मास्तर, हितं काय लिव्हलंय? लागतच न्हाई."

"बोट हलकं ठेव."

"बोट हलकंच हाय. तुमचंच जड झालंय."

मास्तरांनी पुस्तक ओढून घेतलं आणि तीच ओळ घडाघडा वाचून दाखवली. "बघ. बराबर तर हाय."

"तुम्हाला बराबर. मला त्यात एक शब्द कुत्र्यानं चावल्यागत लागून राह्यलाय."

तक्ता माझ्याकडे होता. मी ओळ उजेडात धरून एकेक अक्षर तक्त्याशी ताडलं. एक अख्खा शब्द जुन्या लिपीत होता. खाली आणखी दोन. दुसऱ्या पानावर चार. अकरा वर्षांची सवय लागलेला हात घाईत जुन्या वाटेने जात होता, आणि तपासताना मास्तरांच्या बोटांना काही खटकत नव्हतं, कारण त्या बोटांना दोन्ही लिप्या सारख्याच येत होत्या. पाचही पुस्तकांत एक पान धड निघालं नाही.

मला इतका संताप आला की तक्ता खाली आपटला. वर्षभर समोर बसले होते. दर गुरुवारी एक पान तरी तक्त्याशी ताडायला काय झालं होतं मला?

मास्तरांनी टोचणी झुंबरबाईच्या हातात ठेवली.

"मी वाचतो. तू टोच. मला जुनं येतं, हाच घोळ हाय. तुला येत न्हाई, तेच कामाचं."

"मंग मास्तरीण कोण झालं?" ती म्हणाली आणि पाटी जवळ ओढली.

तिला एका पानाला तास लागे. दोन महिने उरले होते. हिशेब साधा होता, शाळा सुटल्यावर रोज रात्रीपर्यंत बसलं तर तीन लहान पुस्तकं होणार होती. मी गोष्टींची तीन सुचवली, मुलं ज्यांसाठी भांडत ती. मास्तरांनी निवडली ती अशी: अंकगणित, वेताची खुर्ची विणण्याच्या पायऱ्या, आणि आम्हीच रचलेलं जालन्यातल्या रस्त्यांचं वर्णन, कुठल्या वळणावर गटार आणि कुठे पाणपोई.

"अहो मास्तर, गोष्टींशिवाय ही मुलं वाचतील कशाला?"

"गोष्टी छापखान्यातून येतील, बाई. जालन्याची गटारं कोण छापणार?"

पुढचे दोन गुरुवार मी गेले नाही. तिसऱ्या गुरुवारी गेले, कारण झुंबरबाईचं पान तक्त्याशी ताडायला डोळस माणूस हवा होता.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिसरं पुस्तक शिवून झालं. दुसऱ्या दिवशी रद्दीवाला आला. त्याने एकतीस जुनी आणि पाच फसलेली, अशी छत्तीस पुस्तकं हातगाडीवर रचली. कागद जाड आहे म्हणून तो खूश होता. मास्तर वर्गात अंकगणित शिकवत होते, बाहेर आले नाहीत. माझ्या आवाजातल्या सगळ्या गोष्टी त्या गाडीवर होत्या. गोष्टींचं पहिलं छापील पुस्तक यायला पुढे चार वर्षं लागली. तोवर मुलं झुंबरबाईच्या हातचं गटारांचं पुस्तक वाचत होती आणि एकेकटी स्टेशनपर्यंत जाऊन येत होती. मास्तरांचं बरोबर होतं, असं सगळे म्हणतात. असेल. मला ते अजून पटलेलं नाही.