तळहातावरचा रस्सा

अभिराम काहीतरी लपवतोय, ही शंका शामलाच्या मनातून काही केल्या जात नव्हती. कोइंबतूरला नोकरीला लागून मुलाला चार वर्षं झाली. पूर्वी फोनवर कँटीनपासून घरमालकाच्या मांजरापर्यंत सगळं सांगायचा. फेब्रुवारीपासून मात्र "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढंच. आजारी असेल? नोकरी गेली असेल? आणि परवा एकदम म्हणाला, "आई, दिवाळीला येतोय. नारळाच्या रश्शातली कोंबडी करशील? एका मित्राच्या आईची रेसिपी पाठवतो."

म्हणून आज रविवारी रंगीत तालीम होती. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीतल्या त्यांच्या घरात कोंबडी शिजायची ती गच्चीवर, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. शामला स्वतः खात नसे. नवऱ्याला, भालचंद्ररावांना, हॉस्टेलात चटक लागलेली. लग्नानंतर सहा महिन्यांनी त्यांनी भीत भीत विषय काढला, तेव्हा ती शेजारच्या शालिनीताईंकडे जाऊन कोंबडी धुण्यापासून सगळं शिकून आली. पहिल्या दिवशी ओकारी आली, तरी शिकली. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण चव तिने कधी घेतली नाही. रश्शाचा थेंब नवऱ्याच्या तळहातावर सोडायचा आणि तोंडाकडे बघायचं. मीठ कमी की जास्त, ते त्यांच्या भुवया सांगत.

बाड्यावरच्या बाजारातून आणलेला नारळ खवून तिने धणे, मिरे, बडीशेप आणि लाल मिरच्यांबरोबर खरपूस भाजला, बारीक वाटला. जन्मभर डोक्याला लावलेलं खोबरेल पातेल्यात ओतताना हात जरा अडखळलाच. पण कढीपत्ता तडतडला, छोटे कांदे गुलाबी झाले, वाटण पडलं आणि वास असा सुटला की भालचंद्रराव पेपर टाकून वर आले.

तिने पळीतला थेंब त्यांच्या तळहातावर सोडला. त्यांनी डोळे मिटून चाटला.

"वा! मीठ बरोबर. फक्त तिथं रस्सा जरा पातळ होता."

"तिथं कुठं?"

भुवया जागच्या जागी थिजल्या. "मतलब... हॉटेलात असतो ना, तसा."

"अहो, माझ्याकडे बघून बोला."

ते शेगडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अभिरामनं लग्न केलंय. फेब्रुवारीत, रजिस्टर. मुलगी तिकडचीच, कयल. ही रेसिपी तिच्याच आईची."

"फेब्रुवारीत तुम्ही नागपूरला मुंजीला गेला होतात."

त्यांनी तळहात लेंग्याला पुसला.

"मी दिलेले बेसनाचे लाडू?"

"त्यांच्याकडे दिले. सगळ्यांना फार आवडले गं."

शामला कठड्याला टेकली. तिचे लाडू लग्नाला जाऊन आले होते. ती सोडून सगळे.

"तू सहन करणार नाहीस असं वाटलं आम्हाला," भालचंद्रराव म्हणाले. "मांसमच्छी खाणारं घर. तू रडशील, अन्नपाणी सोडशील... दिवाळीत समोरासमोर सांगणार होतो."

"अठ्ठावीस वर्षं या हातांनी कोंबडी धुतली. कोणासाठी? आणि मलाच सोवळी ठरवलंत?"

"शामला, पहले ठंडी तो हो जाओ."

"थंडच आहे मी." तिने शेगडी बंद केली, साबणाने हात धुतले, पदराला पुसले. "नंबर द्या."

"अभिरामचा? तुझ्याकडे आहे की."

"त्याच्याशी नाही बोलायचं. विचारलं की तो पुन्हा गोळी घेतलीस का म्हणेल. कयलचा द्या."

"तिला काय बोलणार तू? ती बिचारी घाबरेल."

"घाबरू दे. तिला मराठी येत नसेल तर हिंदीत बोलेन, हिंदी नसेल तर इंग्रजीत. बी.ए. झालेय मी." तिने हात पुढे केला. "या घरात ज्यानं मला अजून फसवलं नाही असं तेवढंच एक माणूस उरलंय."

भालचंद्ररावांनी फोन काढून नंबर दाखवला. तिचा चष्मा खाली राहिला होता. तिने स्वतःचा फोन लांब धरला आणि एकेक आकडा दाबू लागली.