वेणूकाकूंनी दिलेलं भांडं

पनवेलच्या बाजारात भांड्यांची दुकानं पुष्कळ, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेणारं एकच. नवरा, जगनकाका, गल्ल्यावर बसायचे आणि भांडी वेणूकाकूंच्या ताब्यात. काकू मूळच्या बेलपाड्याच्या. आवाज खणखणीत आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आत काय घालणार?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या फळीवरचं भांडं खाली काढत नसत. चिंच भिजवायला पितळेची कल्हई नसलेली परात मागणाऱ्या एका बाईला त्यांनी सरळ परत पाठवलं होतं. "तीस वर्षांत माझ्या हातून चुकीचं भांडं गेलं नाय," हे त्या रोज एकदा तरी म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

२०११ साली मला घरी बीयर करायची हुक्की आली. खांदा कॉलनीतल्या आमच्या स्वयंपाकघरात जागा केली, माल्ट आणलं, यीस्ट आणलं, राहिलं फक्त आंबवायचं भांडं. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि माझी जीभ अडखळली. आईच्या वयाच्या बाईला बीयर कसं सांगायचं?

"पीठ आंबवायचंय," मी म्हणालो. "इडलीचं. वीस लिटर."

"वीस लिटर? लग्न हाय का घरात?"

"सोसायटीचा कार्यक्रम आहे."

त्यांनी रुंद तोंडाचं मोठं पातेलं काढलं. वर सैल बसणारं झाकण. "पिठाला हवा लागते, हे बेस्ट," म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घेऊन आलो. मूर्खपणा कसा करावा हे माझ्याकडून शिकावं.

बीयरला हवा लागली की ती बिघडते. दहा दिवसांनी झाकण काढलं तर घरभर व्हिनेगरचा वास. बायको, रमा, खिडक्या उघडत फिरली. ऑफिसातल्या मित्रांना रविवारी बोलावून बसलो होतो, त्यांना नाही म्हणून कळवावं लागलं. त्या रागात मी पातेलं उचललं आणि भर गर्दीत काकूंपुढे आपटलं.

"तुमच्या भांड्यानं माझा माल नासला!"

स्टीलचे डबे बघणाऱ्या दोन बायकांनी हातातले डबे खाली ठेवले आणि निघून गेल्या. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी पातेल्यात नाक घातलं, कडेवरून बोट फिरवलं.

"हे पीठ नाय," त्या म्हणाल्या. "खरं सांग, काय होतं?"

"बीयर," मी पुटपुटलो.

मला वाटलं, आता हाकलतील. जगनकाकांनी कपाळाला हात लावलाच होता. पण काकूंना राग बीयरचा आलाच नव्हता. "मग आधी का नाय बोललास?" एवढंच म्हणाल्या आणि प्रश्न सुरू केले. फेस किती येतो? किती दिवस ठेवायची? वायू होतो का? मी सांगितलं, आतला वायू बाहेर गेला पाहिजे, बाहेरची हवा आत येता कामा नये.

मग त्या बाई कामाला लागल्या, आणि मी नुसता बघत राहिलो. मी प्लास्टिकच्या पिंपाकडे बोट दाखवलं. "तुमी लोक ते काथ्यानं घासणार, चरे पडणार, चऱ्यात घाण बसणार." मातीचा माठ? पाझरतो. तांब्या-पितळेचं नावच काढू दिलं नाही. शेवटी अरुंद गळ्याचा, रबरी चकती असलेला दुधाचा स्टीलचा कॅन काढला. कापसाचा बोळा घेऊन आतल्या सांध्यावरून फिरवला. बोळ्याचे तंतू सांध्याला अडकले. "हा नको." दुसऱ्यात बोळा गुळगुळीत फिरला. झाकणाला भोक पाडून त्यात रबरी नळी घट्ट बसवून दिली. "नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात बुडव. आणि चार बोटं जागा मोकळी सोड. भरगच्च भरायची आपली सवय इथं नाय चालणार."

या खेपेला बीयर छान उतरली. सोनेरी, स्वच्छ, कडू, आंबटपणाचा मागमूस नाही. मित्रांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला तेव्हा माझी छाती फुगली, आणि लगेच काकूंचा उतरलेला चेहरा आठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दुकान गच्च भरलेलं असताना गेलो. काकू मला बघून जवळ आल्या आणि हळूच विचारलं, "जमलं का रे?"

"जमलं."

"बरं झालं." त्यांनी पदरानं एक डबा पुसला, पुसलेलाच परत पुसला. "त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला भांडं देताना माझा हात थांबतोय. वाटायचं, समोरचा खरं बोलतोय का खोटं, हेच आता कळत नाय आपल्याला."

हे ऐकून मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी दुकानाच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "मागे मी इथं भांड्यावरून तमाशा केला होता. भांडं चुकलं नव्हतं. मी बीयर करत होतो आणि काकूंना इडलीचं पीठ सांगितलं. खरं सांगितल्यावर त्यांनी असं भांडं दिलं, की इतकी चांगली बीयर माझ्या हातून होईल असं मलाही वाटलं नव्हतं."

बायका हसल्या. कोणीतरी "शाब्बास!" म्हणालं, मला की काकूंना, कोण जाणे. मान वर करून, डोळे भरून आलेले तसेच ठेवून, काकू गल्ल्याकडे वळल्या.

"ऐकलंत का?" त्या जगनकाकांना म्हणाल्या. "माझं भांडं नव्हतं चुकलं."