मोकळ्या हवेसाठी केलेली जीप

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी माझ्या बायकोला दमा सुरू झाला. आम्ही इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरचे. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच शेड आणि शेडमध्ये आमचे कापड विणायचे यंत्रमाग. आमच्या गल्लीत माग नाही असं घर शोधावं लागेल. माग चालले की सुताचा बारीक भुगा उडतो. तो तुळयांवर बसतो, देवाच्या फोटोवर बसतो, झाकण विसरलं तर दुधाच्या सायीवर बसतो. आम्हाला त्याची जन्मापासून सवय. ती कोल्हापुरातून आलेली, तिच्या छातीला ती सवय झालीच नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं आठवली की मला आधी तिची बसलेली आकृती दिसते. भिंतीला पाठ, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपरं. आडवं पडलं की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून ती बसून झोपायची. पाठ चोळणं आणि पाणी गरम करून देणं यापलीकडे मला काही करता यायचं नाही. माग बंद करावेत तर खायचं काय? आणि आमचे बंद केले तरी गल्लीतले चालूच राहणार होते.

डॉक्टर म्हणाले, "हवा बदला." म्हणून तिला पन्हाळ्याला लॉजवर नेलं. खोलीतली गादी जुनी, कापसाची, वर पावसाळ्याची ओल धरलेली. तासाभरात तिचा दम असा वाढला की पुढची सगळी रात्र तिनं बाहेरच्या पायरीवर शाल गुंडाळून काढली. उजाडताच आम्ही परत आलो.

तिच्या थोरल्या भावाचं कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये गॅरेज होतं. त्याला हे सांगितलं तेव्हा तो एका इंजिनात डोकं घालून उभा होता. डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला, "दाजी, लॉजवर न्यायचंच न्हाय तिला. खोलीच संगं न्यायाची."

गॅरेजच्या मागं एक जुनी सरकारी जीप उभी होती. लांब पाठीची, चारी चाकांना जोर असलेली. लिलावात घेतलेली ती जीप त्यानं सुट्ट्या भागांसाठी ठेवली होती. टपाचं कापड फाटलेलं, आत कोंबड्यांनी अंडी घातलेली. त्यानं दार उघडलं, टेपनं आतली लांबी मोजली आणि म्हणाला, "माणूस आडवं मावतंय की. आजून काय पायजे?"

पुढचे काही महिने मी सुट्टी मिळेल तेव्हा कोल्हापूरला जात राहिलो. मागच्या समोरासमोरच्या सीटा काढल्या. कापडी टपाच्या जागी पत्र्याचा टप केला आणि त्याला दोन्हीकडे जाळीच्या खिडक्या ठेवल्या. लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यावर फळ्या टाकल्या. खाली भांड्यांची पेटी, पाण्याचा कॅन, रॉकेलचा स्टोव्ह. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच ओटा व्हायचा. गादीत कापूस नको म्हणून फोम घेतला आणि त्यावर रेक्झिन शिवून घेतलं. तिनं एकच गोष्ट सांगितली होती, "डोस्क्याखालचं वर उचलता आलं पायजे." मेव्हण्यानं भंगारातून दवाखान्याची मोडकी कॉट आणली आणि तिची डोक्याकडची बाजू आमच्या फळीला जोडली. दांडा फिरवला की फळी हळूहळू वर यायची. तो दांडा त्यानं इतक्या वेळा फिरवून दाखवला की गॅरेजमधली माणसं हसायला लागली.

शेवटी तिला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून आम्ही आतून पिवळसर ऑइलपेंट मारला. ती आली, आत चढली, गादीवर हात फिरवून बसली. "चांगलं झालंय की," म्हणाली आणि पुढचा शब्द तिला काढता येईना. रंगाच्या वासानं तिचा श्वास कोंडला होता. भावानं तिला उचलून बाहेर आणलं. तिच्या तोंडात दम्याच्या औषधाचा पंप धरून मी रस्त्याकडेला बसलो. मेव्हणा जीपला पाठ टेकून उभा राहिला. बहिणीकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. मग ती जीप सगळी दारं-खिडक्या उघडी टाकून महिनाभर तशीच उन्हात ठेवली.

आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, त्या दिवशी माग थांबायचे. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी माग कामगाराच्या हवाली करून आम्ही निघायचो. कोल्हापूर मागं टाकून मलकापूरच्या रस्त्यानं शाहूवाडीच्या डोंगरात. पहिल्या वेळी कुठं थांबावं ते कळेना. एका भाताच्या खाचराजवळ जीप लावली तर एक शेतकरी खांद्यावर टॉवेल टाकून तरातरा आला.

"पावणं, काय नादुरुस्त झालंय काय?"

"नाही, इथं राहायचं होतं एक दिवस."

"हितं? गाडीत?" त्यानं वाकून आत बघितलं. कॉटची फळी, स्टोव्ह, गादीवर बसलेली बायको. "बाई आजारी हायत?"

"दमा आहे."

तो आला तसाच तरातरा घराकडे परत गेला. थोड्या वेळानं त्याची बायको तांब्याभर दूध घेऊन आली आणि माझ्या बायकोशी अशी बोलत बसली की जणू दोघी एका गावच्या.

सकाळी मला जाग आली तेव्हा आधी मी घाबरलो. तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येत नव्हती. मी तिच्या नाकाजवळ हात नेला. श्वास चालू होता, शांत होता. आणि ती आडवी झोपली होती. फळी कधी खाली केली तिनं, मला कळलंसुद्धा नव्हतं. मी बाहेर येऊन स्टोव्ह पेटवला आणि चहा करायचं सोडून नुसता बसून राहिलो.

पुढची दोन वर्षं पावसाळा सोडला तर आम्ही जमेल तेव्हा तिथंच जात राहिलो. तिथं ती चालायची, खाचरांच्या बांधांवरून त्या शेतकरणीबरोबर भाजी खुडायची, मोठ्यानं हसायची. परतीच्या वाटेवर मात्र इचलकरंजी जवळ आली की गप्प व्हायची. कबनूरच्या वेशीपाशी मागांचा आवाज सुरू झाला की पदर नाकाला लावायची. मला काही म्हणायची नाही. मीच गाडी चालवत असायचो. मीच तिला मोकळ्या हवेत न्यायचो आणि मीच परत आणून त्या भुग्यात सोडायचो.

मग एकदा दिवाळीनंतर गेलो. भात कापून झालं होतं, म्हणून जीप थेट खाचरातच नेऊन लावली. खळ्यावर मळणी चालू होती. माणसं उंचावरून भात वारवत होती आणि कोंड्याचा धुरळा सोनेरी ढगासारखा खाचरावरून येत होता. मला ते दृश्य फार आवडलं. मी तिला म्हणालोसुद्धा, "बघ की किती छान!" ती बघत होती. मग तिनं मांडीजवळची पिशवी चाचपली आणि पंप काढला. एकदा ओढला, पुन्हा ओढला. पंप रिकामा होत आला होता.

"चला," एवढंच म्हणाली.

मी जीप सुरू केली. खाचर वरून वाळलेलं दिसत होतं, पण आत चिखल तसाच होता. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली गेली. पुढच्या चाकांना जोर देणारा दुसरा दांडा मी कधीच वापरला नव्हता. तो जाम झालेला. दोन्ही हातांनी ओढला, लाथ मारली, हलला नाही. मागून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, करवत चालवल्यासारखा. मी दांडा ओढत होतो आणि रडत होतो.

शेतकरीण धावत आली. ती फळीवर चढून बायकोच्या मागं बसली, तिला छातीशी धरलं आणि म्हणत राहिली, "हळू, बाई, हळू. मी हाय न्हवं." शेतकऱ्यानं खळ्यावरची सगळी माणसं आणली. कुणी चाकाखाली पेंढा घातला, कुणी दगड. "पावणं, तुमी नुसतं स्टेरिंग धरा!" तो ओरडला. त्यांनी जीप अक्षरशः उचलून बाहेर काढली. मलकापूरच्या दवाखान्यापर्यंत शेतकरीण तशीच तिला धरून मागं बसली होती.

इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. उतार पडल्यावर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना धूळ सोसत नाही. कापसाची काय आणि भाताची काय."

मी आत गेलो. बायकोनं मास्क जरा बाजूला केला. "काय म्हणले?"

मी सांगितलं.

"मग आता जायाचं कुठं, ते सांगा," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिलो.

त्यानंतर जीप दाराशी उभीच राहिली. पासिंगची वेळ आली. तपासणाऱ्या साहेबांनी आत डोकावून विचारलं, "सीटा कुठायत?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण नियम नियम होता. गाडी होती तशी करून आणा म्हणाले. मेव्हण्यानं ती कॉट कापली तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो. कटरच्या ठिणग्या उडत होत्या आणि तो म्हणत होता, "आपण दुसरं काय तरी करू, दाजी. करू की." दुसरं काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढं जीप त्यानंच एका ऊसवाल्याला विकली.

नवं शतक लागून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला ती शेतकरीण नवऱ्याबरोबर इचलकरंजीला आली आणि आमच्याकडे मुक्कामाला राहिली. जेवताना तिला आमचं बोलणं ऐकू येईना. ती कानावर हात ठेवून म्हणाली, "बाई, या आवाजात तुमी ऱ्हाता कशा?"

"सवय," बायको म्हणाली आणि खोकली.

सकाळी निघताना ती शेतकरीण दारातच थांबली. "आमच्या संगं चला. मळणी कवाच उरकली. चूल मी अंगणात पेटवती. गाडी-बिडी काय नको, यष्टी हाय की."

मी म्हणणार होतो की दवाखाना लांब आहे, थंडी आहे, मी येतो सोडायला. बायकोनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती आत गेली, दोन लुगडी आणि दोन नवे पंप पिशवीत घालून बाहेर आली. इतकी वर्षं मी तिच्यासाठी खोली घेऊन हिंडलो. दुसऱ्या कुणाच्या घरात ती राहू शकेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी त्या तिघांना स्टँडवर सोडलं. खिडकीतून ती म्हणाली, "जेवत जावा येळेवर," आणि यष्टी गेली.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या गावातल्या दुकानातून तिचा फोन आला. आमचा फोन शेडच्या दाराशी होता.

"कशी आहेस?"

"बरी हाय."

"झोप लागते का?"

"कवा लागती, कवा न्हाय." मग ती आणखी काहीतरी सांगायला लागली, बरंच लांबलचक. मी दुसऱ्या कानात बोट घातलं, भिंतीकडे तोंड केलं, "मोठ्यानं बोल" म्हणून ओरडलो. मागे माग चालू होते. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिलो.