न विकलेले तीन व्हॉल्व्ह

२३ जुलै, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. स्टेशन डायरीतील ती वेळ मला अजून पाठ आहे. क्रांती चौकाजवळच्या एका तीन मजली व्यापारी इमारतीचे सचिव फिर्याद घेऊन आले होते. पाच आठवड्यांत तिसऱ्यांदा त्यांच्याकडचा पितळी व्हॉल्व्ह चोरीला गेला होता.

दुष्काळानंतरचा तो पावसाळा. गच्चीवरचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडण्याची व्यवस्था इमारतीने मे महिन्यात बसवली होती. गच्चीवरून येणाऱ्या पाइपच्या पायथ्याशी हा व्हॉल्व्ह होता. पहिल्या पावसाचे घाण पाणी तो उघडून गटारात सोडायचे, मग बंद करायचा. पुढचे पाणी गाळणीच्या खड्ड्यातून बोअरमध्ये उतरायचे. व्हॉल्व्हच नसला की सगळेच पाणी गटारात. सचिवांचा संशय रखवालदारावर होता. काम केलेल्या ठेकेदारानेही फोन करून त्याचेच नाव सांगितले. माणूस कुणाशी बोलत नाही, एवढाच दोघांचा पुरावा.

गुन्हा नोंदवून मी जागा पाहिली. व्हॉल्व्हच्या शेजारी पितळेचे दोन नळ होते. त्यांना हातही लागलेला नव्हता. पितळ हवे असलेला चोर ते सोडत नाही.

शहागंजमधला एक भंगारवाला माझा जुना बातमीदार होता. त्याने मान हलवली.

"साहब, ये माल बाजार में आयाच नै. जिसने लिया, उसको बेचना नै है."

रखवालदाराची खोली जिन्याखाली होती. पंचांसमक्ष झडती घेतली. एक ताट, एक पेला, एक पत्र्याची पेटी. घरात दुसरे माणूस येत नाही हे भांड्यांवरून कळते. माझ्या क्वार्टरमध्येही तेवढीच भांडी होती. पेटीत धोतराच्या फडक्यात तीन व्हॉल्व्ह निघाले, स्वच्छ पुसलेले.

त्याला ठाण्यात आणले. वय साठीचे. बिडकीनकडचा, तरुणपणी मेंढरे राखलेला. बायको गेल्यावर शहरात आलेला. अनुभव असा की चोरी केलेला माणूस फार बोलतो किंवा सारखे पाणी मागतो. हा तासभर नुसता बसून होता. मी हवालदाराला बाहेर पाठवले आणि एकच विचारले.

"मामा, विकले का नाहीत?"

"माझे नव्हते, म्हून."

"मग काढले कशाला?"

तो म्हणाला, "खड्ड्यात वाळू नाय, साहेब."

मग त्याने सांगितले ते असे. उन्हाळ्यात मेंढरांमागे हिंडताना ते नदीच्या वाळूत झिरा खणत. वाळूतून झिरपलेले पाणी निवळ येई. वाळूशिवाय पाणी साफ होत नाही, हे त्याला पोरवयापासून ठाऊक. खड्डा भरला त्या दिवशी तो तिथेच उभा होता. आत राडारोडा गेला, वर गोटे पसरले. खड्डा आपल्यासमक्ष नीट भरला, अशा कागदावर ठेकेदाराने त्याचा अंगठा घेतला. कागदात काय आहे ते त्याला नंतर कळले आणि खोली जाईल म्हणून तो धास्तावला. पण गच्चीवर कबुतरांची घाण. ती सरळ बोअरमध्ये जाणार, आणि तिसऱ्या मजल्यावर शिकवणीला येणारी पोरे तेच पाणी पिणार. म्हणून सगळे पाणी गटारात जावे यासाठी तो दर वेळी व्हॉल्व्हच काढून ठेवी.

"सचिवांना का सांगितलं नाही?"

"कवा सांगू? अकरा वर्षं झाली. गेट उघड म्हणत्यात, गेट लाव म्हणत्यात. तिसरं काय कुणी बोलत नाय माझ्याशी. आज तुमी इचारलं."

दुपारी तीन वाजता सचिवांसमोर खड्डा उघडला. वीतभर गोटे, खाली फुटक्या फरश्या, प्लास्टरची ढेकळे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. वाळू नाही, कोळसा नाही. पंचनामा केला, बोअरची मोटर बंद करायला लावली. ठेकेदाराविरुद्ध सचिवांनी तिथल्या तिथे फसवणुकीची फिर्याद दिली. नंतर ते रखवालदाराकडे वळले.

"अंगठा तूच दिलास ना? सकाळपर्यंत खोली रिकामी कर."

हा आता महत्त्वाचा साक्षीदार आहे, असे मी सांगितले. साक्षीदाराने इथेच राहिले पाहिजे असा कायदा आहे का, असे त्यांनी विचारले. तसा कायदा नव्हता.

लबाडीचा हेतू नसल्याने चोरीच्या गुन्ह्यात मी पुढे न्यायालयाकडे 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, पाठवली. या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. तपासात आपण खोटे कोण बोलतो ते शोधत राहतो. ज्याला कुणी काही विचारलेच नाही, तो राहून जातो. उरलेल्या सेवेत कुठेही गेलो तरी मी आधी रखवालदाराशी बोललो.

खड्डा उघडला त्याच सायंकाळी सव्वासहाला ठेकेदाराच्या प्रकरणात रखवालदाराचा जबाब लिहायला घेतला. 'राहणार' या शब्दापाशी थांबलो. त्याने खिडकीबाहेर पाहिले.

"आता काय सांगू, साहेब."

पत्ता नसलेल्या साक्षीदाराचे समन्स परत येते आणि खटला पडतो. मी माझ्या क्वार्टरचा पत्ता लिहिला. हे रीतीला धरून नव्हते. पुढचा जबाब पुरा करून कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने अंगठा पुढे केला नाही.

"काय काय लिवलंय त्यात?"

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, पत्त्यासकट सगळा जबाब सावकाश वाचून दाखवला आणि मग शाईचा पॅड त्याच्याकडे सरकवला.