निम्मा सोडलेला दगड

माझी मुलगी शोभा नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली. दागिने तिकडेच राहिले. ते न्यायला तिनेच यावं, असा जावयाचा निरोप आहे.

संध्याकाळी ती संगणकावर आकाशातले दगड फोडते. खेळच तो. यानातून किरण सोडायचा, दगड तापला की धातू सुटतो, तो ओढून घ्यायचा. फार तापला तर दगड यानासकट फुटतो.

काल दगड लाल होताच तिने किरण बंद केला.

"अगं, निम्मा माल राहिला त्यात."

"राहू दे आई. यान शाबूत आहे ना."

आम्ही बायका पातेल्याची खरवडही सोडत नाही. सोडायचं कधी, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

सकाळी बहिणीचा फोन आला. "शोभाला पाठव की. सोनं आहे ते."

"राहू दे तिकडेच," मी म्हटलं. "पोरगी घरी आहे."